खुर्चीवरून हात न टेकता उठायचं आहे

पोस्टाच्या बचत खात्याच्या खिडकीत मी साताऱ्यात 31 वर्षं काढली. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात पेन्शनवाल्यांची गर्दी असायची. समोरच्या लाकडी बाकावर माणसं बसलेली असत, नाव पुकारलं की उठून येत. त्या उठण्याकडे माझं लक्ष असायचं. कोणी नुसतं उठून यायचं. कोणी गुडघ्यावर हात ठेवायचं, पुढच्या वर्षी दोन्ही हात, त्यानंतर शेजारच्याच्या खांद्याचा आधार. मग एक दिवस पासबुक घेऊन मुलगा नाहीतर सून यायची. "आई बऱ्या आहेत ना?" विचारलं की उत्तर ठरलेलं, "बऱ्या आहेत, पण आता बाहेर पडत नाहीत."

माझ्या आईचं हेच झालं. तिची खाट बुटकी होती. रात्री उठताना तोल गेला आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन चांगलं झालं, हाड जुळलं, पण मांड्यांतली ताकद काही परत आली नाही. पुढचे 14 महिने ती दुसऱ्याने उठवल्याशिवाय उठली नाही. ती पडायच्या आधीची दोन वर्षं खाटेच्या कडेला हात रोवून उठत होती. मी रोज बघत होते, आणि त्यात काही करण्यासारखं आहे हे मला माहीत नव्हतं.

म्हणून आमच्या वर्गात सगळं एका गोष्टीसाठी चालतं : हात न टेकता उठता आलं पाहिजे. खुर्चीवरचा योग म्हटला की बसल्या बसल्या हात वरखाली करायचे, अशी समजूत असते. मला विचाराल तर तो उठण्याचा अभ्यास आहे. सोमवार, बुधवार, शुक्रवार सकाळी साडेआठला सोसायटीच्या पार्किंगमध्ये आम्ही 14 जण जमतो. सगळ्यांत लहान 61 वर्षांच्या, सगळ्यांत मोठ्या आजी 86 च्या. आमच्या त्या पाऊण तासात काय काय होतं ते इथे सविस्तर लिहिते, म्हणजे घरी एकट्याने करणाऱ्यालाही जमेल.

आधी एक गोष्ट मनातून काढून टाका. मांडी घालता येत नाही म्हणजे योगासनं संपली, असं समजून खूप माणसं गप्प घरी बसतात. सत्यनारायणाला, भजनाला भिंतीकडेच्या खुर्चीवर अवघडून बसलेली माणसं आपण बघतो. जणू खुर्चीवर बसणं हा त्यांचा अपराधच. आपल्या पुण्यात बी. के. एस. अय्यंगारांनी 1937 पासून योग शिकवला, आणि आजारी, वयस्कर माणसांसाठी दोर, विटा, लोड, खुर्च्या असं सगळं साहित्य वापरात आणलं. पाठीचा पत्रा काढलेली लोखंडी घडीची खुर्ची त्यांच्या परंपरेच्या वर्गांत आज जगभर दिसते. मी स्वतः गुडघे दुखायला लागल्यावर दोन वर्षं दर शनिवारी एसटीने पुण्याला त्या पद्धतीच्या एका शिक्षिकेकडे जात होते. खुर्ची घेतली म्हणून आसन कमी दर्जाचं होत नाही. सांधा जिथे अडतो तिथे ती आधार देते, आणि स्नायूला काम करू देते.

खुर्ची कोणती घ्यायची

प्लॅस्टिकची नको. पहिल्याच महिन्यात आमच्यातल्या एका काकांच्या खुर्चीचे मागचे पाय नुकत्याच पुसलेल्या फरशीवर फाकले आणि ते घसरत खाली आले. भिंत होती म्हणून कोपर खरचटण्यावर निभावलं. खुर्च्या तपासायची जबाबदारी माझी होती आणि मी ती पाळली नव्हती. त्या दिवसापासून नियम असा : लाकडी किंवा लोखंडी, चार पायांची, चाकं नसलेली, शक्यतो हात नसलेली खुर्ची. जेवणाच्या टेबलाची चालते. पाठ भिंतीला टेकलेली हवी, खाली रबरी सतरंजी किंवा योगाची चटई. मोजे काढून अनवाणी बसा. साडी असेल तर पदर कमरेला खोचा आणि निऱ्या घोट्याच्या वर घ्या. पावलाखाली निरी आली की तोल जातो.

उंची जमली पाहिजे. बसल्यावर गुडघे काटकोनात आणि पूर्ण तळवे जमिनीवर. साधारण 17-18 इंच बैठक बहुतेकांना बरी पडते. आपल्याकडच्या बऱ्याच बायकांचे पाय मात्र तिथून अधांतरी राहतात. त्यांनी पायांखाली घरातला जेवायचा पाट घ्यावा, पण तो फक्त बसून करायच्या प्रकारांना. उठताना पाट बाजूला. उलट, ज्यांना त्या उंचीवरून उठताच येत नाही त्यांनी बैठकीवर गोधडीची घट्ट घडी ठेवावी. त्या गोधडीचं पुढे सांगते, तिच्यावर बरंच अवलंबून आहे.

जेवण होऊन दोन-तीन तास गेलेले असावेत. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर अगदी रिकाम्या पोटी करू नका, साखर उतरते. आधी काय आणि किती खायचं ते डॉक्टरांना विचारून ठेवा. खुब्याचा किंवा गुडघ्याचा सांधा बदललेला असेल, हाडं ठिसूळ असल्याचं निदान झालं असेल, हृदयाचं काही असेल, तर सुरुवात करण्याआधी डॉक्टरांना दाखवा. सांधा बदललेल्यांना किती वाकायचं, पायावर पाय टाकायचा की नाही, याची बंधनं प्रत्येकाची वेगळी असतात. काचबिंदू किंवा वाढलेलं ब्लडप्रेशर असेल तर डोकं खाली जाईल असं काहीही करायचं नाही. आणि सगळ्यांसाठी : ताण आणि कळ यांतला फरक ओळखा. स्नायू ओढल्यासारखा वाटतो तो ताण, तो चालतो. सांध्यात सुई टोचल्यासारखी येते ती कळ, तिथे थांबायचं. छातीत दाब, चक्कर, दम लागणं, हातपाय बधिर होणं यांत धीर धरायचा नाही. लगेच थांबून मदतीला हाक मारायची.

बसणं आणि पाय

पाठीला टेकू नका. बैठकीच्या पुढच्या अर्ध्या भागावर या. दोन्ही हात कुल्ल्यांखाली सरकवले तर दोन टोकदार हाडं लागतील. वजन त्या दोन हाडांवर सारखं पडू द्या आणि हात काढून घ्या. टाळूला कोणी दोरीने वर ओढतंय असं समजा, खांदे मात्र खाली सैल. पाच श्वास. सोडायचा श्वास घ्यायच्या श्वासापेक्षा लांब. श्वास कोंडून धरायचा नाही, इथेही नाही आणि पुढेही कुठे नाही.

आता पाय. टाचा जमिनीवर ठेवून चवडे उचला, मग चवडे ठेवून टाचा उचला, असं वीस वेळा. दिसायला क्षुल्लक, पण पोटरीचा स्नायू आवळला की पायातलं रक्त वर हृदयाकडे ढकललं जातं. दिवसभर पाय लोंबकळत बसलेल्यांची संध्याकाळी घोट्याची सूज यामुळे कमी होऊ शकते. नंतर जमिनीवर एक नॅपकिन पसरा आणि पायाच्या बोटांनी तो आपल्याकडे गोळा करा. आमच्या 86 वर्षांच्या आजींना पहिल्या दिवशी एक घडीही हलवता आली नव्हती, आता त्या पूर्ण नॅपकिन ओढून घेतात. अडखळल्यावर ही बोटंच जमीन धरतात.

मग एक पाय समोर सरळ करा, गुडघा ताठ, चवडा आपल्याकडे ओढलेला. मांडीवर तळहात ठेवून बघा. गुडघ्याच्या वरचा स्नायू दगडासारखा लागला पाहिजे. मऊ लागत असेल तर तुम्ही पाय नुसता उचललाय, वापरलेला नाही. पाच श्वास होईपर्यंत पाय तसाच ठेवा आणि सावकाश खाली आणा. दोन्ही पाय पाच-पाच वेळा. गुडघेदुखी असलेल्या माणसाने घाईच्या दिवशी दुसरं काही नाही केलं तरी एवढं करावं असं मी आग्रहाने सांगते. मला माझ्या फिजिओथेरपिस्ट बाईंनी सगळ्यांत आधी हेच दिलं होतं.

आणि एक गुडघा वर उचलण्याचा प्रकार. बसल्या बसल्या, पाठ मागे न पाडता, एकेक गुडघा पोटाकडे उचलायचा, दहा-दहा वेळा. आम्ही त्याला "एसटीची पायरी" म्हणतो. महाराष्ट्रात वयाची 75 वर्षं पूर्ण झाली की 2022 पासून एसटीचा प्रवास मोफत आहे. पण त्या पहिल्या पायरीपर्यंत पाय पोचला तर तो प्रवास आपला. आमच्या गटातल्या एका आजींना माहेरच्या जत्रेला जायचं होतं. त्यांनी हा प्रकार चार महिने केला आणि गेल्या.

हात, पाठ, मान

हे भराभर सांगते. बोटं एकमेकांत गुंफा, तळवे उलटे करून हात डोक्यावर न्या, पाच श्वास. खांदा अडत असेल तर हात कपाळासमोर राहिले तरी चालतील. दोन्ही हात मागे नेऊन कमरेशी एकमेकांना पकडायचा प्रयत्न करा. वेणी घालणं, फडताळातला डबा काढणं, ब्लाउजचं मागचं हूक लावणं, शर्टाची बाही चढवणं, सगळं या दोन हालचालींवर आहे. मुठी वळा, उघडा, मनगटं फिरवा.

मग मार्जरासन, पण खुर्चीवर. तळहात मांड्यांवर, श्वास घेत छाती पुढे, सोडत पाठ किंचित गोल. हाडं ठिसूळ असतील तर पाठ गोल करायचीच नाही, फक्त छाती पुढे आणि परत सरळ. त्यांच्या मणक्यांना पुढे वाकून गोल होणं आणि झटक्याने पिळणं हे दोन्ही धोक्याचं असतं. खाली ठेवलेला डबा घ्यायला वाकतानाही त्यांनी कमरेतून, पाठ सरळ ठेवून वाकावं.

पिळाचं आसन, म्हणजे खुर्चीवरचं भरद्वाजासन. गुडघे समोरच. डावा हात उजव्या गुडघ्याच्या बाहेरून, उजवा हात बैठकीच्या मागच्या कडेला. श्वास घेत उंच व्हा, सोडत बरगड्यांपासून उजवीकडे वळा, मान शेवटी. हातांनी स्वतःला ओढून वळवायचं नाही, इथेच बहुतेक जण चुकतात. हात फक्त टेकलेले. तीन श्वास, मग दुसरी बाजू. रस्ता ओलांडताना मागून रिक्षा येते का हे बघायला आपल्याला एवढंच वळायचं असतं. मान गोल गोल फिरवू नका. डावीकडे, उजवीकडे, हनुवटी थोडी खाली, एवढं पुरे.

खुर्चीच्या मागे उभं राहून

आता खुर्ची फिरवा. बैठक भिंतीकडे, पुढचे पाय भिंतीला भिडलेले, पाठ तुमच्याकडे. पाठीवर दोन्ही हात ठेवून हलवून बघा, सरकता कामा नये.

दोन्ही टाचा एकदम उचला, दोन श्वास थांबा, सावकाश खाली. दहा वेळा. मग वृक्षासनाची सुरुवात : उजवी टाच डाव्या घोट्याला टेकवा, बोटं जमिनीवरच, नजर समोर एका जागी. दहा आकडे. महिन्याभराने बोटंही उचलता येतील. दोन हातांवरून एका हातावर, मग एका बोटावर या. पण बोट कधी काढायचं नाही, खुर्ची हातभर अंतरावर असलीच पाहिजे. तोल हा शिकवला तर या वयातही शिकतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2020 च्या शिफारशींत 65 च्या पुढच्यांनी आठवड्यातून किमान तीन दिवस तोल आणि ताकद वाढवणारा व्यायाम करावा असं स्पष्ट म्हटलं आहे. आठवड्याला एकूण किमान 150 मिनिटं मध्यम व्यायाम व्हावा, अशीही त्यांची शिफारस आहे. तेव्हा खुर्ची मिळाली म्हणून चालणं सोडू नका. आमच्यातले निम्मे जण वर्ग सुटला की तसेच फिरायला जातात.

उठणं

आता मुख्य काम. खुर्ची पुन्हा पाठ भिंतीकडे. हे एक आसन नीट वाचा, घाई करू नका.

बैठकीच्या पुढच्या कडेशी सरका. दोन पावलांत कमरेइतकं अंतर ठेवा आणि ती मागे ओढा, टाचा गुडघ्यांच्या थोड्या मागे आल्या पाहिजेत. माणसं इथे चुकतात. पावलं पुढे ठेवतात आणि मग उठता येत नाही म्हणून गुडघ्यांना दोष देतात. हात छातीवर फुलीसारखे, तळवे खांद्यांवर. आता पाठ सरळ ठेवून कमरेतून पुढे झुका, इतकं की नाक पायाच्या बोटांच्या वर येईल. अंगाचं वजन कुल्ल्यांवरून पावलांवर आलेलं जाणवेल, कुल्ले आपोआप हलके होतील. त्या क्षणी जमीन खाली दाबा आणि श्वास सोडत उठा. गुडघे आत एकमेकांकडे पडू देऊ नका, ते दुसऱ्या बोटाच्या रेषेत. पूर्ण ताठ उभे राहा, एक श्वास घ्या. रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांनी इथे थोडं जास्त थांबावं. उठल्या उठल्या डोळ्यांपुढे अंधारी येते का बघावं, आणि तसं होत असेल तर डॉक्टरांच्या कानावर घालावं.

बसणं त्याहून महत्त्वाचं. कुल्ले मागे न्या, जणू मागे खुर्ची आहे की नाही याची खात्री नाही, आणि चार आकडे मोजत खाली या. धपकन बसायचं नाही. सावकाश खाली येतानाही मांडीला चांगलं काम पडतं आणि ताकद तिथेही वाढते. आमच्याकडे एखादी खुर्ची वाजली की सगळे त्या बाजूला बघतात आणि तो माणूस स्वतःच पुन्हा करतो.

पाच वेळा, मग थोडं थांबून पुन्हा पाच. आठवड्यातून तीन दिवस. पहिल्या आठवड्यात मांड्या दुखतील, ती दुखी काही दिवसांत जाते.

उठताच येत नसेल तर गोधडी. चौघडी घालून घट्ट पट्टी करा, बैठकीवर ठेवा, लागल्या तर दोन-तीन एकमेकींवर. ती अंगाखाली सरकत नाही ना, हे आधी हाताने दाबून बघा. उंची वाढली की उठणं सोपं होतं. त्या उंचीवरून दहा वेळा आरामात जमलं, तेही सलग दोन आठवडे, की एक गोधडी कमी करा. आमच्या 86 वर्षांच्या आजी तीन गोधड्यांवर सुरू झाल्या. पहिल्या दिवशी त्यांचे हात सारखे मांड्यांकडे जायचे. मी त्यांच्यासमोर स्टूल घेऊन बसले आणि माझे दोन्ही तळहात उलटे धरले, त्यांनी नुसती बोटं टेकवायची, जोर द्यायचा नाही. त्यांच्या बोटांचा भार मला माझ्या हातांवर कळत होता. पहिल्या दिवशी सगळा. दिवाळीपर्यंत नखाएवढा. संक्रांतीनंतर एका बुधवारी त्या उठल्या आणि माझे हात रिकामे राहिले. त्यांच्या ते लक्षातही आलं नव्हतं, त्या समोरच्या कुंडीकडे बघत होत्या. आता एक गोधडी उरली आहे.

आपण कुठे आहोत हे मोजायचं असेल तर महिन्यातून एकदा असं करा. 17 इंची खुर्ची, हात छातीवर, आणि 30 सेकंदांत किती वेळा पूर्ण उठता ते कोणाकडून तरी मोजून घ्या. बाजूला माणूस हवाच. अमेरिकेतली सीडीसी ही सरकारी आरोग्य संस्था पडण्याचा धोका ओळखायला ही चाचणी वापरते. त्यांच्या तक्त्याप्रमाणे 65 ते 69 वयात बायकांचे 11 पेक्षा आणि पुरुषांचे 12 पेक्षा कमी भरले, 70 ते 74 ला 10 आणि 12 पेक्षा, 75 ते 79 ला 10 आणि 11 पेक्षा, 80 ते 84 ला 9 आणि 10 पेक्षा, तर धोका जास्त समजतात. एकदाही हात टेकावा लागला तर शून्य धरायचं. शून्य आलं म्हणून घाबरू नका, आमच्यात पाच जणांचं शून्य होतं. त्यांनी गोधडीपासून सुरुवात करायची.

शेवटी

पुन्हा खुर्चीत, आता पाठ टेकून, कमरेमागे उशी, पाय पाटावर. डोळे मिटा. दोन्ही कान बोटांनी हलके बंद करून श्वास सोडताना ओठ मिटून गुणगुणा, भ्रामरी, पाच वेळा. कानात मशीन असेल तर हात मांडीवरच ठेवून गुणगुणा. मग पाच मिनिटं काहीच करू नका. कोणाला झोप लागली तर आम्ही उठवत नाही.

पहिल्या पंधरवड्यात घरी फक्त तीन गोष्टी करा : टाचा-चवडे, पाय सरळ करून मांडी आवळणं, आणि उठणं-बसणं. दहा मिनिटं लागतात. बाकीचं हळूहळू मिळवा. आणि कालनिर्णयच्या ज्या चौकटीत दुधाचा हिशोब लिहिता, तिथेच खाली कोपऱ्यात त्या दिवशी किती वेळा उठलात तो आकडा टाका, पुढे "गो. 3" किंवा "गो. 2" असं, म्हणजे किती गोधड्यांवरून ते कळेल.